वाइनच्या प्रदेशात निवांत दोन दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्या मित्रमंडळींसाठी

पहिल्यांदा जाणारे बहुतेक गट एकच चूक करतात: नकाशावर दिसतील तेवढ्या वाइनरी एका दिवसात बसवतात. दुपारी तीनपर्यंत कुणाचं डोकं जड झालेलं असतं, कुणी गाडीत झोपलेलं असतं, आणि तिसऱ्या ठिकाणी काय चाखलं ते कुणालाच आठवत नाही. म्हणून आखणी करताना नकाशा नंतर उघडावा, आधी घोटाचा हिशेब मांडावा.

घोटाचा हिशेब

टेस्टिंगमध्ये, म्हणजे वाइनरीत थोडी थोडी वाइन चाखण्याच्या बैठकीत, एका वाइनचं माप साधारण ३० ते ५० मिलिलिटर असतं. वाइन चाखण्याच्या प्रमाणित ग्लासचं आयएसओ ३५९१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ साली ठरलं. तो ग्लास सुमारे २१५ मिलिलिटरचा असतो आणि त्यात ५० मिलिलिटरच ओतायची असते, बाकीची जागा वासासाठी राखलेली. एका बैठकीत पाच वाइन आल्या आणि सगळ्या पूर्ण प्यायलात, तर २५० मिलिलिटर पोटात गेली, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीचा तिसरा हिस्सा. वाइन १३ टक्क्यांची धरली तर त्यात अंदाजे २५ ग्रॅम अल्कोहोल आहे. निरोगी प्रौढाचं शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. एका बैठकीचा निचरा व्हायलाच अडीच ते साडेतीन तास लागतात.

दिवसाला दोन वाइनरी, हे आमचं ठाम मत यातूनच आलं आहे. तिसरी घ्यायचीच असेल तर दोनच वाटा आहेत: घोट चाखून बादलीत थुंकायचे, किंवा दोघांत मिळून एकच टेस्टिंग घ्यायचं. दोघांत एक घेण्यात कमीपणा काहीच नाही. बहुतेक ठिकाणी आधी विचारलं तर दुसरा रिकामा ग्लास देतात.

किती जण, कधी, कोण गाडी चालवणार

चार ते सहा जण हा उत्तम आकडा. एका टेबलाभोवती बसता येतं, वाइन ओतणाऱ्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं आणि एका गाडीत मावता येतं. आठच्या वर गेलात की बऱ्याच वाइनरींमध्ये वेगळं बुकिंग लागतं, आणि लहान वाइनरी तर नकारच देतात, कारण तिथे ओतणारा माणूस आणि बाग सांभाळणारा माणूस कित्येकदा एकच असतो.

हंगामाची निवड विचारपूर्वक करा. उत्तर गोलार्धात द्राक्षतोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल. उष्ण कटिबंधातल्या बागांचं वेळापत्रक मात्र छाटणीवर ठरतं, ते त्या त्या ठिकाणी विचारावं. तोडणीच्या दिवसांत वाइनरी जिवंत असते, ताज्या रसाचा आणि आंबणाऱ्या यीस्टचा वास आवारभर भरलेला असतो. पण तेव्हाच वाइन बनवणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला पाच मिनिटंही नसतात. प्रश्न विचारायचे असतील, बसून समजून घ्यायचं असेल, तर तोडणीच्या आधीचा महिना किंवा तोडणी संपून दीडेक महिन्यानंतरचा काळ निवडा. आणि शक्यतो सुट्टीचे दिवस सोडा. मंगळवारी अकराला मिळणारं टेस्टिंग आणि रविवारी चारला मिळणारं टेस्टिंग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गाडीचा प्रश्न सहलीच्या दिवशी सोडवायचा नसतो. चालकासह गाडी ठरवणं सर्वांत सोपं. ते जमणार नसेल तर प्रत्येक दिवसाचा एक चालक आधीच नक्की करा, आणि त्या दिवशी तो एक थेंबही पिणार नाही. रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा ठिकाणागणिक वेगळी आहे: कुठे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, कुठे ५०, कुठे ३०, कुठे शून्य. 'मी थुंकतोय, मला काय होतंय' हा हिशेब चालकासाठी लागू नाही. थुंकल्यावरही थोडं अल्कोहोल तोंडातल्या त्वचेतून आणि नकळत गिळलेल्या थेंबांतून शरीरात जातंच. चालकाकडून टेस्टिंगची वर्गणी घेऊ नका, आणि त्याला आवडलेल्या वासाची एक बाटली रात्रीसाठी घ्या. वास तर त्यालाही सगळ्यांइतकाच घेता येतो.

गटात कुणी गरोदर असेल, तर तिच्यासाठी वाइन नाहीच. कुणाची औषधं चालू असतील, विशेषतः मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध), झोपेच्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधं, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

बुकिंग करताना काय विचारायचं

दोन ते तीन आठवडे आधी फोन किंवा मेल करा आणि या गोष्टी स्पष्ट करून घ्या: किती वाइन, प्रत्येकीचं माप किती, वेळ किती, पैसे किती आणि बाटली घेतली तर ते वळते होतात का, तळघर किंवा बाग दाखवतात का, खायला काय मिळतं, आणि न पिणाऱ्यासाठी काय आहे. यातला मापाचा प्रश्न नवखे लोक विचारत नाहीत, आणि वरचा सगळा हिशेब त्याच्यावरच तर उभा आहे.

दोन वाइनरी निवडताना एक मोठी आणि एक लहान घ्यावी. मोठ्या ठिकाणी सकाळी जा. तिथे यंत्रं, टाक्या, पिंपं नीट समजावून सांगणारी माणसं असतात. लहान ठिकाणी दुपारी, गप्पांना. दोन्हींमधलं अंतर अर्ध्या तासाच्या आत असलं की दिवस रस्त्यावर जात नाही.

एका दिवसाचं वेळापत्रक

सकाळी साडेआठ-नऊला भरपेट नाश्ता, त्यात प्रथिनं आणि थोडं तूप-लोणी असावं; भरल्या पोटी अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं. दात नाश्त्याआधी घासा. नंतर घासलेत तर टूथपेस्टमुळे पुढचा तासभर सगळंच कडवट आणि आंबट लागतं. अत्तर, वासाचं क्रीम, केसांचा स्प्रे त्या दिवशी कुणीच लावायचा नाही, कारण एकाचं अत्तर सहा जणांच्या ग्लासात उतरतं. कपडे गडद रंगाचे, बूट बंद. बागेत पाऊल टाकण्याआधी बुटांची माती झटका. मुळांचे रोग आणि किडी मातीतून एका बागेतून दुसरीकडे जातात. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातल्या बागा उजाड केल्या, तेव्हापासून बागायतदार या बाबतीत हळवे आहेत. आणि द्राक्षं तोडून खाऊ नका, त्यांवर गंधक किंवा मोरचूदाची फवारणी झालेली असू शकते.

पहिलं टेस्टिंग अकराला. सकाळी नाक आणि जीभ ताजी असते, म्हणून जी वाइनरी तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची ती या वेळेला ठेवा. दीड तास धरा. साडेबारा-एकला निघून जेवण, आणि जेवणाला पूर्ण दीड ते दोन तास. ही वेळ कापण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण याच वेळेत सकाळचा निचरा होतो. दुसरं टेस्टिंग साडेतीनला. साडेपाचच्या पुढे काहीही ठेवू नका. प्रत्येक ग्लास वाइनमागे निदान तेवढंच पाणी प्या आणि गाडीत माणशी दीड-दोन लिटर ठेवा. उन्हात बागेतून फिरताना लागलेली तहान नकळत वाइनने भागवली जाते, आणि दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी बहुधा तिथूनच येते.

तोडणीच्या काळात तळघरात जाल तेव्हा एक गोष्ट जपा. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खालच्या जागी साठतो. टाकीत वाकून बघू नका, दाखवणाऱ्याच्या पुढे जाऊ नका. तळघरात ओळीने मांडलेली ओकची पिंपं दिसली तर त्यांचं माप विचारा. सर्वांत प्रचलित, फ्रान्समधल्या बोर्डो पद्धतीचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्यांचं असतं. पिंप जितकं लहान तितका लाकडाचा वास वाइनमध्ये जास्त, कारण कमी रसाला जास्त लाकूड भिडतं.

चाखायचं कसं

क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: आधी फसफसणारी, मग कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) पांढरी, गुलाबी, हलकी लाल, जड लाल आणि शेवटी गोड. कारण सरळ आहे. गोड वाइनच्या मागून कोरडी घेतली तर ती नुसती आंबट वाटते, आणि जड लालच्या मागून आलेली नाजूक पांढरी पाण्यासारखी लागते.

ग्लास दांडीला धरा; पोटाला धरलात तर हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा. पांढरी वाइन जुनी होताना गडद होत सोनेरीकडे जाते, लाल मात्र फिकी होत विटकरी छटेकडे. मग न हलवता एकदा हुंगा. नंतर ग्लास टेबलावरच ठेवून तीन-चार गोल वळसे द्या आणि पुन्हा हुंगा. नवख्यांनी ग्लास हवेत फिरवू नये, शेजाऱ्याच्या सदऱ्यावर जाते. वळसे दिल्याने वाइन ग्लासच्या कडेवर पसरते, हवा लागते आणि वासाचे रेणू उडतात. खोल, लांब श्वासापेक्षा दोन-तीन तुटक हुंगणं जास्त सांगून जातं.

आता लहान घोट, दहा मिलिलिटरच्या आसपास. गिळण्याआधी आठ-दहा सेकंद तोंडभर फिरवा आणि चार गोष्टी विचारा.

आंबटपणा: दात आंबले का, जिभेच्या कडांना लाळ सुटली का?

तुरटपणा: हिरड्या आणि गालाची आतली बाजू खरखरीत झाली का? जास्त वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाने होते तशी. हे टॅनिन, ते द्राक्षाच्या साली, बिया आणि लाकडातून येतं आणि लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. लाल वाइन सालींसकट आंबवतात, पांढरीचा रस बहुधा आधीच सालींपासून वेगळा करतात, म्हणून तुरटपणा लालमध्येच ठळक.

गोडवा: जिभेवर खरा गोडवा आहे, की नुसता पिकलेल्या फळाचा वास आहे? इथे सगळेच फसतात. नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडवा उरला तर तो साखरेचा, गेला तर तो वासाचा.

ऊब आणि लांबी: घशाशी गरम वाटलं तर अल्कोहोल जास्त. थुंकल्यावर किंवा गिळल्यावर चव किती सेकंद रेंगाळते ते मनात मोजा.

वासाला शब्द सापडत नाहीत म्हणून ओशाळू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधक अ‍ॅन नोबल यांनी १९८०च्या दशकात वासांचं एक चक्र तयार केलं, ते याच अडचणीवरचा उपाय होतं: आधी मोठा गट ओळखायचा, फळ की फूल की मसाला की माती, मग आत शिरायचं. परक्या बेरींची नावं पाठ करण्यापेक्षा तुमच्या नाकाला ओळखीच्या वासांचे शब्द वापरा. सोव्हिन्यॉं ब्लांक या पांढऱ्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला तर बरोबर आहे, दोन्हींत पायराझिन गटाचे तेच रेणू असतात. शिराझ या लाल वाइनमध्ये काळी मिरी आली तर तेही बरोबर. रोटंडोन नावाचं संयुग दोन्हींत आहे. लोण्याचा वास आला तर विचारा, 'मॅलोलॅक्टिक झालंय का?' त्या प्रक्रियेत जिवाणू कडक मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि लोणकट वास मागे ठेवतात. या एका प्रश्नावर ओतणारा माणूस खुलून बोलायला लागतो.

गटाने चाखताना एक शिस्त पाळलीत तर मजा दुप्पट होते. प्रत्येकाने आधी आपल्या वहीत तीन शब्द आणि दहापैकी गुण लिहायचे, मगच तोंड उघडायचं. पहिला बोलणारा 'व्हॅनिला' म्हणाला की उरलेल्या पाच नाकांना व्हॅनिलाच येतो.

थुंकणं हे शिष्टाचाराचं आहे, अपमानाचं नाही. पिकदाणी किंवा बादली टेबलावर त्यासाठीच ठेवलेली असते. जवळ वाका, ओठांचा चंबू करा, जिभेने जोर देऊन एकाच धारेत टाका. हळू टाकलंत तर हनुवटीवर ओघळ येतो. निघण्याआधी घरी न्हाणीत पाण्याने दहा वेळा सराव केला की संकोच जातो. ग्लासात उरलेली नावडती वाइनही त्याच बादलीत ओता. कुणी वाईट मानत नाही.

चार-पाच लाल वाइननंतर जीभ बधिर होते. नुसत्या पाण्याने टॅनिन नीट धुतलं जात नाही. फिका पाव आणि थोडं सौम्य चीज घेतलं तर त्यातली स्निग्धता आणि प्रथिनं काम करतात. मसालेदार किंवा फार खारट खाणं टेस्टिंगच्या आधी नको. आणि एक जपणूक दातांची: वाइनच्या आम्लाने दातांचं आवरण काही काळ मऊ पडतं, म्हणून टेस्टिंगनंतर लगेच ब्रश करू नका. पाण्याने खळखळून चूळ भरा, तासाभराने घासा.

वाइन बिघडलेली असेल तर

नवखा माणूस वाईट वास आला की 'मलाच कळत नसेल' म्हणून गप्प बसतो. बसू नका. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसटलेल्या तळघराचा वास येतोय आणि फळाचा वास हरवलाय, तर बुचातून टीसीए नावाचं संयुग उतरलेलं असतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंसं पुरतं, आणि हवा लागून ते जात नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा किंवा व्हिनेगरचा झणका म्हणजे जिवाणूंनी आम्ल वाढवलंय. चिरून ठेवलेल्या, तपकिरी पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे बाटली उघडून फार वेळ झालाय. सकाळच्या पहिल्या टेस्टिंगला हे जास्त घडतं, कारण बाटली आदल्या दिवशीची असते. विझलेल्या काडीचा किंवा सडक्या अंड्याचा वास मात्र पुष्कळदा ग्लास जोरात फिरवल्यावर उडून जातो, त्याला दोन मिनिटं द्या.

म्हणायचं एवढंच: 'ही बाटली तुम्ही एकदा हुंगून बघाल का?' चांगल्या ठिकाणी लगेच दुसरी उघडतात.

संध्याकाळी मुक्कामावर

दिवसाला दोनच वाइनरी ठेवल्याचं फळ संध्याकाळी मिळतं. एकाच जातीच्या द्राक्षाच्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन बाटल्या घ्या, कागदात गुंडाळा, बुडाशी आकडे लिहा आणि नावं लपवून चाखा. सहा जणांना माणशी ५० मिलिलिटर दिली तर प्रत्येक बाटलीतली ३०० मिलिलिटर संपते. उरलेली जेवणाबरोबर घ्या, नाहीतर बूच लावून ठेवा, ती संपवायचीच असं काही नाही. आणि हे त्याच दिवशी करा, ज्या दिवशी दिवसभर घोट थुंकलेत.

नाव लपवल्याने काय होतं याची मोठी साक्ष २४ मे १९७६ची आहे. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी भरवलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता गुण दिले, आणि लाल-पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. रंगही फसवतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्डोमधल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळला, तर ५४ विद्यार्थ्यांच्या गटाने तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं.

तापमान सांभाळा. फसफसणारी ६ ते ८ अंश सेल्सियस, हलकी पांढरी ८ ते १०, पिंपात मुरलेली पांढरी १० ते १३, हलकी लाल १२ ते १४, जड लाल १६ ते १८. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम थंड दगडी घरांतला आहे; खोली २८ अंशांवर असेल तर लाल बाटलीही वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर फक्त अल्कोहोलच नाकात जातं.

फसफसणाऱ्या बाटलीत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो. तारेची जाळी सहा अर्ध्या वळशांनी सुटते, तेव्हापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून लांब; बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा.

खरेदी आणि परतीचा प्रवास

पहिल्या ठिकाणी पेटी घेऊ नका. तिथली हवा, गप्पा आणि दोन घोट मिळून सगळंच अप्रतिम लागतं. वहीत खूण करा आणि दुसऱ्या दिवशी निघताना घ्या, किंवा एकच बाटली घेऊन रात्री जेवणाबरोबर तपासा. बाहेर सहज मिळत नाही तेच घ्या, आणि प्रत्येक बाटली कधी उघडायची हे ठरत असेल तरच घ्या. बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात, साठवून त्या सुधारत नाहीत.

भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची, म्हणजे बाराची पेटी १५ ते १८ किलो. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान ५० अंशांच्या वर जाऊ शकतं; वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं, फळाचा वास शिजल्यासारखा होतो. म्हणून खरेदी दिवसाच्या शेवटी, आणि बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात ओल्या टॉवेलसह आतल्या सीटखाली ठेवा, डिकीत नाही. विमानाने जाणार असाल तर केबिनमध्ये सहसा १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही, बाटल्या चेक-इन बॅगेत जातात. विमानसुरक्षेच्या नियमांत २४ टक्क्यांपर्यंतच्या पेयांवर प्रमाणाचं बंधन नाही, पण सीमाशुल्काची आणि त्या त्या राज्या-देशाच्या अबकारी नियमांची मर्यादा वेगळी असते, ती आधी बघा. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, मग कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी.

घरी पोचल्यावर बाटल्यांना आठवडाभर विश्रांती द्या. प्रवासाच्या हेलकाव्यानंतर बऱ्याच वाइन काही दिवस मुक्या, म्हणजे वास-चव दबलेल्या, लागतात. बुचाच्या बाटल्या आडव्या, अंधारात, जमेल तितक्या थंड आणि स्थिर जागी ठेवा. उघडलेली लाल असो वा पांढरी, बूच लावून फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवस टिकते. लाल प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.